वाचकांचे प्रश्न: भरती-ओहोटी आणि खाडीतलं फ्लाय फिशिंग

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं पुण्याहून शनिवार-रविवार कोकणात गरवायला जाणाऱ्यांची आहेत. विषय वेगवेगळे दिसले तरी बरेचसे प्रश्न भरतीपाशीच येऊन थांबतात. म्हणून या वेळचं सदर तेवढ्यासाठीच ठेवलं आहे. नव्या वाचकांसाठी: फ्लाय फिशिंग म्हणजे पिसं-केसांनी बांधलेलं हलकं नकली आमिष (फ्लाय) जाड, वजनदार दोरीच्या (फ्लाय लाइनच्या) जोरावर फेकून गरवणं.

प्रश्न (कोथरूड): वेळापत्रकात भरती दुपारी १२.१० आणि ओहोटी संध्याकाळी ६.२० अशी दिलेली असते. आम्ही तिघे भरतीच्या तासभर आधी पोचतो आणि पाणी उतरायला लागलं की आवरतो. मासा लागत नाही. पाण्यात उतरायचं नेमकं केव्हा?

उत्तर: तुम्ही पाणी थबकायच्या वेळी पोचता आणि ते चालू लागलं की निघता. हेच उलटं करा. वेळापत्रकातला १२.१० हा आकडा पाणी सर्वांत उंच असण्याचा क्षण सांगतो. त्याच्या आगेमागे पाणी जवळजवळ उभं असतं. उभ्या पाण्यात कोळंबी आणि बोयीची पिल्लं विखुरलेली राहतात, मोठ्या माशाला ती गाठायला फिरावं लागतं. पाणी ओढू लागलं की हेच खाद्य ओहोळाच्या तोंडाशी, दांड्याच्या (वाळूच्या उंचवट्याच्या) कडेला, खडपाच्या (खडकाळ भागाच्या) आडोशाला एका पट्ट्यात गोळा होऊन वाहतं आणि मासा त्या पट्ट्याशेजारी जागा धरून बसतो. फ्लायवाल्याला याचं महत्त्व दुप्पट, कारण आपली फेक १५-२० मीटरची. तेवढ्या टप्प्यात मासा आणून ठेवायचं काम पाण्यानेच करावं लागतं.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. त्याचा ढोबळ हिशोब बाराव्या हिश्श्यांनी करतात: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. भरती-ओहोटीत २.४ मीटरचा फरक असेल तर एक हिस्सा २० सेंटिमीटरचा. म्हणजे पाणी तासागणिक २०, ४०, ६०, ६०, ४०, २० सेंटिमीटर उतरतं. निम्मं पाणी मधल्या दोनच तासांत जातं. तुमच्या उदाहरणात ते तास साधारण सव्वादोन ते सव्वाचार.

आता एक मुद्दा, जो आमिष लावून गरवणाऱ्याला लागू नाही पण आपल्याला आहे. उधाणाच्या दिवशी (पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो तेव्हा) या मधल्या दोन तासांत ओढ, म्हणजे प्रवाहाचा जोर, इतकी असते की जाड फ्लाय लाइन वाहून जाते आणि फ्लाय वर उचलली जाते. त्यामुळे उधाणाला दुसरा आणि पाचवा तास धरा, भांगाला (अष्टमीच्या आसपास, तो फरक कमी असतो तेव्हा) तिसरा आणि चौथा. तुमच्या दिवशी भरती बाराच्या सुमारास होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. खाडीच्या तोंडाशी एक ते सव्वादोन आणि सव्वाचार ते सव्वापाच या वेळा तुम्हाला हव्या होत्या. भांगाला मात्र मधले दोन तास अजिबात सोडू नका. तेव्हा बाकीच्या वेळी पाणी पुरेसं चालतच नाही.

प्रश्न (सिंहगड रस्ता): महिन्यातून एकच शनिवार-रविवार मोकळा मिळतो. कोणता निवडावा? सगळे पौर्णिमा-अमावस्या सांगतात.

उत्तर: पौर्णिमा-अमावस्येला ओढ जास्त, हे खरं. पण फ्लायसाठी आम्ही ते दिवस पहिल्या पसंतीचे मानत नाही. कारण समजायला कोकणातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य पक्षाला हिशोब एकच, आणि पहाटेची असो की दुपारची, दोन्ही भरत्यांना लागू. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, भरतीही तेवढीच सरकते. पाऊण तास तिथूनच आला. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला तो चांगला जुळतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती त्याहून अर्धा ते एक तास आधी येते. दिनदर्शिकेतली तिथी सूर्योदयाची असते, त्यामुळेही थोडा फरक पडतो. म्हणून हा हिशोब दिवस निवडायला वापरा, पाण्यात उतरायला नाही. त्यासाठी त्या बंदराचं वेळापत्रकच पाहा. भारतीय सर्वेक्षण विभाग ते दर वर्षी छापतो आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या संस्थेकडे लाटा-वाऱ्याचा अंदाजही मिळतो.

यातून निघणारी गोष्ट अशी की आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. उधाणाची दिवसाची ओहोटी म्हणजे दुपारी बारा ते संध्याकाळी सहा. नेमके त्याच वेळी खारे वारे समुद्रावरून जोरात येतात. वारा जमिनीकडे, पाणी समुद्राकडे. खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात, समोरून वारा असल्याने फेक जात नाही आणि होडीही हलते. पौर्णिमेला जाऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचं निम्मं कारण हेच असतं.

त्याऐवजी पंचमी, षष्ठी बघा. षष्ठीला पहाटे साडेचारला भरती, पावणेअकराला ओहोटी. साडेसहा ते साडेआठ हे मधले दोन तास उजाडल्यावर लगेच येतात. वारा पडलेला, ऊन तिरकं, ओढ मध्यम. फ्लायसाठी याहून सोयीची सकाळ आपल्याकडे नाही. चढतं पाणी हवं असेल तर द्वादशी-त्रयोदशी: दुपारी तीन-चारला पाणी फिरतं आणि तिन्हीसांजेला मधले तास मिळतात. वारा असतोच, पण सूर्य मावळला की तो उतरू लागतो.

पुण्याहून ताम्हिणीतून श्रीवर्धनपट्टी किंवा कुंभार्लीतून गुहागर-दाभोळ, काहीही धरलं तरी पहाटेच्या ओहोटीसाठी शुक्रवारी रात्री मुक्कामाला पोचणं भाग आहे. शनिवारी सकाळी सहाला पुण्यातून निघालात तर षष्ठीची ओहोटी संपता संपता पोचाल.

प्रश्न (चिंचवड): आम्ही सावित्रीच्या खाडीत तोंडापासून सात-आठ किलोमीटर आत गरवतो. वेळापत्रकाप्रमाणे ओहोटी लागलेली असते, पण पाणी आतच येत असतं. वेळापत्रक चुकीचं आहे का?

उत्तर: वेळापत्रक बरोबर आहे, ते तुमच्या जागेचं नाही. दिलेली वेळ बंदराची असते. लांब खाडीत मुखाशी पातळी उतरू लागली तरी आत शिरलेलं पाणी काही काळ पुढे जातच राहतं. शिवाय पातळी थांबणं आणि ओढ थांबणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आपल्याला दुसरी हवी, वेळापत्रक पहिली सांगतं. नदीचं पाणी आणि तळाचं घर्षण यांमुळे आतल्या भागात ओहोटी जास्त वेळ चालते आणि भरती कमी वेळात, जास्त जोराने येते. पावसाळा संपल्यानंतरचे दोन महिने हा फरक जास्त जाणवतो.

उपाय एकच, आपल्या जागेचा फरक स्वतः मोजणं. दीड मीटरच्या बांबूवर दर १० सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा आणि तो कडेला, कमी ओढीच्या जागी घट्ट रोवा. वेळापत्रकातल्या भरतीच्या अर्धा तास आधीपासून दर १० मिनिटांनी पातळी लिहा. त्याच वेळी मधल्या धारेत पान किंवा नारळाचं सोडण (वरची साल) टाकून ते कुठे जातं ते लिहा. पाणी कोणत्या वेळी चढायचं थांबलं आणि सोडण कोणत्या वेळी उलट फिरलं, हे दोन आकडे मिळतील. उधाणाला दोनदा आणि भांगाला दोनदा हे केलं की तुमच्या जागेचा फरक हाती येतो. पुढे कोणत्याही दिवशी बंदराच्या वेळेत तो मिळवायचा. ओहोटीचा फरक वेगळा मोजा. भरतीचा आकडा तिथे चालत नाही. जागा दोन किलोमीटरने बदललीत तर पुन्हा मोजा.

प्रश्न (हडपसर): ८ नंबरचा रॉड, फ्लोटिंग (तरंगणारी) लाइन, क्लाउजर मिनो (डोळ्यांशी वजन असलेली, छोट्या माशासारखी फ्लाय). शेजारी कोळंबी लावून बसलेल्याला जिताडा (खाडीतला मोठा शिकारी मासा) लागतो, माझी फ्लाय वाहत काठाला येते. क्लाउजर आणखी जड बांधू का?

उत्तर: आधी ओढ मोजा, मग काय बदलायचं ते ठरवा. काठावर १० मीटर अंतराने दोन खुणा करा आणि सोडण त्यांच्यामधून जायला किती सेकंद लागतात ते बघा. २० सेकंद लागले तर पाणी सेकंदाला अर्धा मीटर चालतंय.

समजा जिताडा दीड मीटर खोल बसला आहे. इंटरमीडिएट (हळू बुडणारी) लाइन सेकंदाला साधारण ४ सेंटिमीटर बुडते. दीड मीटर जायला तिला ३७ सेकंद लागतील आणि तोवर पाणी १८ मीटरहून जास्त पुढे जाईल. तुमची फेक संपली. सेकंदाला १५ सेंटिमीटर बुडणारी जलद सिंकिंग लाइन तेच १० सेकंदांत करते आणि ५ मीटर वाहते. फ्लोटिंग लाइन तर वरच राहते, फक्त फ्लाय बुडायचा प्रयत्न करते आणि वाहणारी लाइन तिला परत वर खेचते. शेजाऱ्याची बारीक नायलॉनची दोरी पाण्याला अडत नाही आणि खाली शिसं असतं, म्हणून त्याला ही अडचण नाही. फ्लाय जड करत गेलात तर फेकताना ती डोक्याला लागेल, खोल मात्र फारशी जाणार नाही.

तर बदला ते असं. खाडीच्या तोंडासाठी एक जलद सिंकिंग लाइन घ्या. तिच्यावर लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारी बारीक दोरी) आखूड, सव्वा ते दीड मीटरच. फ्लोटिंगसाठी वापरता तो ९ फुटी लीडर इथे लावलात तर लाइन तळाशी आणि फ्लाय तिच्या वर तरंगत राहते. ही चूक फार सर्रास दिसते. टिपेट (लीडरचा शेवटचा बारीक भाग) २० पौंड ताण सोसणारा आणि त्यापुढे ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा हातभर तुकडा. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, साधा टिपेट ती कापते.

फेक ओढीच्या वरच्या बाजूला ४५ अंशात टाका. पडताक्षणी रॉडच्या टोकाने लाइनचा बाक उचलून आणखी वर ठेवा, नाहीतर मधली लाइन आधी वाहते आणि फ्लायला फरफटत नेते. मनात दहा मोजा, तोवर खेचू नका. फ्लाय तुमच्या समोर आली की हाताने दोन छोटे खेच, वीतभराचे, मग क्षणभर थांबा. ती खालच्या बाजूला पोचून लाइन ताणली की लगेच गुंडाळू नका. तिथेच पाच-दहा सेकंद लटकू द्या. वाहत्या पाण्यात बरेच मासे इथेच घेतात, कारण ओढीत अडकून पळू पाहणारं पिल्लू तसंच दिसतं.

मासा लागला की रॉड वर उचलू नका. नदीतली ही सवय इथे मासे घालवते: बाक आलेली लाइन आधी सरळ होते आणि गळापर्यंत जोर पोचतच नाही. टोक पाण्याकडे ठेवून डाव्या हाताने लाइन मागे जोरात खेचा, गळ रुतल्याचं जाणवलं की मगच रॉड उचला. आणि खेचलेली लाइन ठेवायला कमरेला टोपली बांधा. पायाशी सोडलेली लाइन ओहोटी घेऊन जाते आणि पुढची फेक अर्ध्यात अडते.

प्रश्न (बाणेर): कोणत्या माशासाठी चढतं पाणी आणि कोणत्यासाठी उतरतं?

उत्तर: माशापेक्षा जागेवरून ठरवा. कांदळवनातले ओहोळ उतरत्या पाण्यात चांगले. भरतीला बोय आणि कोळंबी मुळांत शिरते, तिथे फ्लाय पोचत नाही. पाणी उतरताना सगळ्यांना त्याच अरुंद तोंडातून बाहेर यावं लागतं. ओहोटीच्या दुसऱ्या तासापासून जिताडा त्या तोंडाच्या खालच्या बाजूला, गढूळ आणि स्वच्छ पाणी मिळतं त्या रेषेवर असतो. फ्लाय गढुळातून स्वच्छाकडे येऊ द्या.

पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) चढतं पाणी. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत खळगे आणि चर दिसतात, ते आधी पाहून ठेवा; भरतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासाला रावस त्याच चरांतून आत येतो. तांबोशी खडपाची आणि जेटीच्या खांबांची. पाणी फिरल्यानंतरचा पहिला तास घ्या, ओढ कमी असते आणि लागल्यावर ती खडकात शिरायच्या आत वळवता येते. जोराच्या ओढीत तांबोशीपुढे लाइन तुटतेच.

जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. मोठा जिताडा सोडून देणं म्हणजे त्या खाडीची पुढची वीण राखणं. गळाचा काटा चेपून ठेवलात तर सोडणं सोपं जातं.

प्रश्न (विमाननगर): अलिबागकडे उधाणाला पाणी चहासारखं होतं. फ्लाय चालेल?

उत्तर: फ्लाय माशाला डोळ्यांनी दिसावी लागते, तिला वास नसतो. उत्तर किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि तळ चिखलाचा, त्यामुळे उधाणाला गढूळपणा येणारच. मालवणकडे फरक साधारण निम्म्यावर येतो आणि वाळू जास्त. अलिबाग-रेवदंड्याला भांगाचे दिवस घ्या. तरीही गढूळ असेल तर काळी किंवा जांभळी, जाड डोक्याची, पाणी ढकलणारी फ्लाय काठाला लागून टाका. हात बुडवल्यावर बोटं कोपरापर्यंतच्या खोलीत दिसत नसतील तर जागा बदला.

मालवणला जाणार असाल तर १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याची हद्द स्थानिक वनखात्याकडून आधी समजून घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभा क्षेत्रात गळ टाकायचा नाही.

प्रश्न (औंध): वाळूच्या दांड्यावर उभं राहून फेकताना मागून पाणी भरलं, परत येताना छातीपर्यंत गेलं. आधी ओळखायचं कसं?

उत्तर: दांड्यावरचा माणूस समोर समुद्राकडे पाहत असतो आणि भरती मागच्या चरातून येते, कारण दांडा उंच आणि चर खोल. पायाखाली वाळू कोरडी असताना परतीची वाट बुडालेली असते. म्हणून जाताना चराचा सर्वांत खोल भाग काठीने मोजा. जाताना तिथे गुडघाभर, म्हणजे ५० सेंटिमीटर पाणी असेल आणि फरक २.४ मीटरचा असेल, तर भरतीच्या एका मधल्या तासात त्यात ६० सेंटिमीटरची भर पडते. कमरेच्या वर. अलिबागकडे ३.६ मीटरच्या दिवशी तोच तास ९० सेंटिमीटर देतो, आणि ओढत्या पाण्यात कमरेएवढ्या खोलीतही पाय ठरत नाहीत.

आमचा नियम कडक आहे: दांड्यावर उतरत्या पाण्यातच जायचं आणि पाणी फिरायच्या वीस मिनिटं आधी चर ओलांडून काठाला यायचं. मासा लागत असला तरी. चराच्या काठावर एक काठी रोवून तिला चिंधी बांधा आणि दर दहा मिनिटांनी मागे वळून पाहा. फुगणारं जॅकेट नव्हे, साधं लाइफ जॅकेट घाला. एकट्याने जाऊ नका, आणि रात्रीच्या भरतीचा अंदाज दिवसाच्या आकड्यावरून बांधू नका: हिवाळ्यात रात्रीची भरती मोठी असते, पावसाळ्यात दुपारची.

पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला. वाळूत दबलेलं पाकट धक्क्याने निघून जातं, वर पाय पडला तर नांगी मारतं. मारलीच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखान्यात जा. कालवांच्या खडपावर जाड तळाचे बूट हवेत, चपला नाहीत. चिखलात पाय रुतला तर सरळ वर ओढू नका, दुसरा रुततो. मागे रेलून वजन पसरवा, पाऊल आत गोल हलवून पाणी शिरू द्या, मग काढा.

प्रश्न (कोंढवा): दोन फेऱ्यांत रील घट्ट झालं. रोज नळाखाली धुतो.

उत्तर: नळ पूर्ण सोडून किंवा पाइपच्या जोराने धुतलंत तर मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट करून बारीक धारेखाली किंवा कोमट पाण्याच्या बादलीत बुचकळून धुवा, पुसून झाल्यावर ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. भिजलेली सगळी लाइन आणि तिच्यामागचं बॅकिंग (रीलवरची आधाराची दोरी) उलगडून वेगळं धुवायचं. हे मुक्कामाच्या ठिकाणीच करा, पुण्याला पोचेपर्यंत मीठ वाळून बसतं.

प्रश्न (वारजे): पुण्यात राहून ओढीच्या पाण्याचा सराव होईल का?

उत्तर: फेकीचा पूर्ण होईल. मैदानावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि वारा अंगावर घेऊन १५ मीटर सलग वीस वेळा टाका. मग वारा रॉड धरलेल्या हाताकडून येईल असं उभं राहून पाठीमागची फेक समोर सोडायचा सराव करा, खाडीवर तीच लागते. लाइनचा बाक उचलून ठेवणं मात्र वाहत्या पाण्यातच येतं. त्यासाठी पावसानंतर नदीचा उथळ, संथ पट्टा शोधा. धरणाच्या पाण्यावर जायचं असेल तर आधी परवानगी घ्या. तिथे लोकरीचाच तुकडा लावून वर ४५ अंशात टाका आणि तो काठाशी येईपर्यंत लाइन त्याच्या पुढे जाऊ द्यायची नाही, एवढंच साधा. दहातल्या सात फेकी अशा जमू लागल्या की पुढची षष्ठी दिनदर्शिकेत पाहा.